हिमबिबट्या पाहायला निघण्यापूर्वी : लडाख सहलीच्या पाहुण्यांसाठी

जानेवारी ते मार्च हा हंगाम. वर बर्फ साचला की भरल (डोंगरी रानमेंढ्या) आणि आयबेक्स (रानबकरे) खालच्या उतारांवर चरायला येतात, त्यांच्यामागे हिमबिबट्याही उतरतो. हाच त्याच्या मिलनाचा काळ असल्याने त्याची भटकंतीही वाढते. २०१९ ते २०२३ दरम्यानच्या गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला, त्यांतले ४७७ लडाखमध्ये. तरी दिसण्याची हमी आम्ही देत नाही.

ताडोब्यासारखं गाडी बाजूला लावून पाहणं इथं नाही. तो दिसतो समोरच्या डोंगरावर, बहुधा अर्धा-एक किलोमीटर लांब, आणि हलला नाही तर खडकातून वेगळा ओळखू येत नाही. म्हणून आमचे स्पॉटर, म्हणजे प्राणी हुडकणारी माणसं, भरलांच्या कळपावर नजर ठेवतात. चरणं थांबवून सगळा कळप एकाच दिशेला पाहू लागला, की स्कोप (मोठी दुर्बीण) तिकडे वळतो. पाळीपाळीने सगळ्यांना दाखवतो, धक्काबुक्की नको.

“जरा जवळ जाऊ या” ही विनंती मात्र आम्ही कधीच मान्य करत नाही. मोठी शिकार त्याला साधारण आठ-दहा दिवसांतून एकदा मिळते आणि ती तो काही दिवस पुरवून खातो. माणसं जवळ आली तर तो ती सोडून जातो. उरलेलं मांस कोल्हे, गिधाडं, भटकी कुत्री संपवतात. बरोबर पिल्लं असलेल्या मादीला हा फटका फारच मोठा, कारण पिल्लं जवळजवळ दोन वर्षांची होईपर्यंत तिच्यावरच अवलंबून असतात.

उपाशी जनावराला सोपी शिकार म्हणजे गावातल्या मेंढ्या-बकऱ्या. त्यांच्या वाड्याचं (गोठ्याचं) छत उघडं असेल तर तो वरून आत उतरतो, आणि बंद जागेत सैरावैरा पळणारी जनावरं एकामागून एक मारत जातो. एका रात्रीत एखादं कुटुंब कंगाल होतं, मग रागाच्या भरात त्याचाच जीव घेतला जातो. वाड्यावर मजबूत तारेची जाळी आणि घट्ट बसणारं दार, एवढ्याने हे टळतं. आपला मुक्काम होमस्टेमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्याच घरी, ठेवतो तो याचसाठी : हिमबिबट्या जिवंत असण्यात गावाचाही फायदा हवा. उरलेलं अन्न बाहेर फेकू नका. त्यावर कुत्री पोसली जातात आणि तीच पुढे भरलांच्या मागे लागतात.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. मुंबईहून विमानाने थेट तिथं पोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, दारू-सिगारेट बंद. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नका. चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं हे धोक्याचं. अशा वेळी रात्र असली तरी ऑक्सिजन लावून रुग्णाला खाली हलवतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या.

रात्री पारा उणे २० अंशांखाली जाऊ शकतो. बूट एक नंबर मोठे घ्या : घट्ट बुटात जाड मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तासाभराने उघडा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असल्यास डॉक्टरांचं पत्र निघण्याच्या १५ दिवस आधी आमच्या दादरच्या कार्यालयात द्यावं.