फाईल आली, पण दिसत का नाही? एनएफएसच्या कॅशची पार्श्वभूमी

रात्रीचा जॉब एका मशीनवर फाईल तयार करतो, दुसऱ्या मशीनवरची स्क्रिप्ट तिची वाट पाहत असते आणि ‘अशी फाईलच नाही’ म्हणून बंद पडते. कोणी बघायला जावं तर फाईल तिथेच. मग संशय नेटवर्कवर, स्विचवर, डिस्कवर. शेअर एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाईली वापरू देणाऱ्या पद्धतीचा, असेल तर बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. हा उशीर मुळातल्या रचनेतच आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ च्या सुमारास एनएफएस बाजारात आणलं तेव्हा एक मोठा निर्णय घेतला: कोणत्या क्लायंटने (फाईल वापरणाऱ्या मशीनने) कोणती फाईल उघडली आहे, याची नोंद सर्व्हरने (फाईल साठवणाऱ्या मशीनने) ठेवायचीच नाही. फायदा मोठा होता. सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तरी क्लायंट तीच विनंती परत पाठवायचा आणि काम पुढे चालू. पण नोंदच नाही, तर ‘फाईल बदलली’ हे कळवायचं कोणाला? म्हणजे विचारायचं काम क्लायंटवर आलं. तेव्हाच्या १० मेगाबिटच्या इथरनेटवर दर वेळी विचारणं परवडणारं नव्हतं, म्हणून फाईलची वेळ, आकार वगैरे माहिती क्लायंट थोडा वेळ स्वतःजवळ ठेवू लागला. हीच ती कॅश.

तो ‘थोडा वेळ’ लिनक्सवर आजही फाईलसाठी ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीसाठी ३० ते ६० सेकंद आहे. नुकत्याच बदललेल्या फाईलची चौकशी लवकर होते, बराच काळ शांत पडलेलीची उशिरा. ‘फाईल नाही’ हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवलं जातं. वरची स्क्रिप्ट फसते ती इथे. हमी एवढीच, की एकाने फाईल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने उघडली, तर नवा मजकूर मिळतो. नुसतं ‘एलएस’ करून डिरेक्टरीची यादी बघणाऱ्याला ही हमी लागू नाही.

त्याच दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एएफएस या अशाच फाईल-पद्धतीने उलटा मार्ग धरला होता: सर्व्हर नोंद ठेवी आणि बदल झाला की क्लायंटला कळवी. एनएफएस त्या दिशेला वळलं ते २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत, ‘डेलिगेशन’च्या रूपाने: सर्व्हर एखादी फाईल क्लायंटच्या हवाली करतो आणि दुसऱ्याला ती हवी झाली की त्याला कळवून परत घेतो. तेही द्यायचं की नाही हे सर्व्हरच्या मर्जीवर, त्यामुळे जुनी कॅश राहिलीच.

विंडोजच्या एसएमबी या फाईल शेअर करण्याच्या पद्धतीलाही हे चुकलेलं नाही. तिथे डिरेक्टरीची यादी साधारण १० सेकंद, तर ‘सापडली नाही’ हे उत्तर ५ सेकंद जपलं जातं.

उपाय म्हणून शेअर जोडताना (माउंट करताना) द्यायचा ‘नोएसी’ हा पर्याय सर्रास सुचवला जातो; तो फाईलच्या माहितीची कॅश बंद करतो. माझ्या मते तो शेवटचा उपाय, कारण त्याने लिहिणंही सिंक्रोनस होतं, म्हणजे दर वेळी सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबावं लागतं, आणि सगळाच शेअर रेंगाळतो. त्यापेक्षा आधी सर्व्हरवर ‘स्टॅट’ ही फाईलची माहिती दाखवणारी आज्ञा देऊन फाईल खरंच कधी बदलली ते पाहावं, मग ‘लुकअपकॅश’ या माउंट पर्यायाला ‘पॉझिटिव्ह’ ही किंमत देऊन नकारार्थी उत्तरं साठवणं बंद करावं. आणि स्क्रिप्ट ‘आयनोटिफाय’ या फाईल बदलल्याची सूचना देणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर विसंबून असेल तर कॅशशी खेळून उपयोग नाही: दुसऱ्या मशीनने केलेला बदल तिला एनएफएसवर कळतच नाही.