धक्का पाठीला, झटका मांडीला

मज्जारज्जूला वीज दिली की पायाचे स्नायू आखडतात. हे ऐकून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वायर येते: वरून करंट सोडला, खाली स्नायूपर्यंत पोचला. प्रत्यक्षात वीज मागच्या दाराने शिरते. स्नायू किती ताणला गेलाय ही खबर आणणारे जाड संवेदी तंतू मणक्यांमधल्या नसांच्या मागच्या मुळांतून मज्जारज्जूत येतात, आणि तंतू जितका जाड तितका तो कमी करंटला चेततो. तो चेतला की आतल्या प्रेरक पेशीला निरोप देतो आणि मग स्नायू आखडतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच वाटेने. इथे हातोडीचं काम वीज करते, एवढाच फरक.

शस्त्रक्रियेविना हे करायचं तर छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्यांच्या मधोमध साधारण ५ सेंमीचा चिकट पॅड लावतात आणि पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे पॅड. जागा चुकू नये म्हणून कमरेच्या हाडांचे वरचे काठ चाचपतात. ते साधारण कमरेच्या चौथ्या मणक्याच्या रेषेत येतात. तिथून वर चार मोजले की बारावा मणका. पायांचा कारभार पाहणारा मज्जारज्जूचा भाग इथेच असतो. कमरेच्या खालच्या मणक्यांत मज्जारज्जू नसतोच, नुसती मुळं लोंबत असतात. १ मिलिसेकंदाचा एकेक ठोका देत करंट हळूहळू वाढवायचा आणि ईएमजीवर, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या आलेखावर, नजर ठेवायची. मांडीच्या पुढच्या स्नायूत लाट सुमारे १० मिलिसेकंदांनी उठते. पोटरी लांब, म्हणून तिथे आणखी काही मिलिसेकंद जातात.

पण उठलेली लाट मागच्या दारातूनच आली कशावरून? ५० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन सारखे ठोके द्यायचे. संवेदी वाटेने आलेला प्रतिसाद दुसऱ्या वेळी एकदम बारीक होतो, कारण संवेदी तंतू आणि प्रेरक पेशी यांच्यातल्या जोडाला सावरायला वेळ लागतो. पुढच्या, म्हणजे प्रेरक मुळांनाच वीज लागली असेल, तर दोन्ही लाटा सारख्या येतात. ही चाचणी टाळणारा स्वतःलाच फसवतो. माणूस उताणा असताना नीट आलेले प्रतिसाद पालथं झोपवल्यावर बदलतात आणि प्रेरक मुळं थेट चेतू लागतात. मज्जारज्जू द्रवात तरंगत असल्याने कूस बदलली की तोही थोडा सरकतो. कण्यात इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांनाही याचा अनुभव येतो: उभं असताना बेताचा वाटणारा करंट आडवं पडताच झोंबतो.

एकेका ठोक्याऐवजी सलग मालिका दिली, तर मज्जारज्जूतली चेतापेशींची जाळी जागी होतात. दुखापतीमुळे मेंदूशी संबंध तुटलेल्या रुग्णांत ५ ते १५ हर्ट्झला पाय ताठ सरळ होतो. साधारण २५ ते ५० हर्ट्झला तोच पाय चालल्यासारखा आळीपाळीने वाकतो आणि सुटतो. ही चालल्यासारखी हालचाल मिलान दिमित्रिजेविच या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कण्यात बसवलेल्या इलेक्ट्रोडने दाखवली. इलेक्ट्रोडची जागा तीच ठेवून केवळ वारंवारता बदलल्यावर हालचाल बदलते, हा या विषयातला सर्वांत रोचक भाग.

मग पाय लुळे पडलेल्या उंदरांना विजेने चालवणारं हे तंत्र माणसांत अडखळत का होतं? चेतलेल्या तंतूत लाट दोन्हीकडे धावते. वर मज्जारज्जूकडे जाते तशी खाली स्नायूकडेही, आणि तिकडून येणाऱ्या खऱ्या खबरेवर आदळून तिला पुसून टाकते. माणसाचे तंतू लांब, त्यामुळे टकरीही जास्त. पाय कुठे आहे हेच मज्जारज्जूला कळेनासं होतं. यावर २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटाने तोडगा काढला: वीज सलग न देता पावलाच्या तालावर द्यायची. पाय उचलताना मांडी-खुब्याच्या मुळांवर थोडा वेळ, टेकवून रेटताना पोटरीच्या मुळांवर थोडा वेळ. मधल्या उसंतीत स्नायूची खबर वर पोचते.