‘इम्पॅक्ट फॅक्टर किती?’ असे विचारण्यापूर्वी

शोधनिबंधाचे भाषासंपादन आणि अक्षरजुळणी करून घेण्यासाठी आमच्याकडे येणारे प्राध्यापक व संशोधक बहुधा शोधपत्रिकेचा (जर्नलचा) इम्पॅक्ट फॅक्टर विचारतात. तो आकडा कोणी आणि कसा काढला, हे आधी पाहावे, अशी आमची विनंती आहे.

मूळ इम्पॅक्ट फॅक्टर यूजीन गारफिल्ड या माहितीशास्त्रज्ञाच्या कल्पनेतून आला आणि आज क्लॅरिव्हेट ही कंपनी तो दरवर्षी जाहीर करते. आकडा ज्या वर्षाचा, त्या वर्षी पत्रिकेच्या मागील दोन वर्षांतील मजकुराला मिळालेल्या सायटेशनना (इतर निबंधांनी दिलेल्या संदर्भांना) त्या दोन वर्षांतील संशोधनलेख व आढावालेखांच्या संख्येने भागतात. गंमत अशी, की संपादकीये आणि पत्रे भाजकात धरत नाहीत, पण त्यांची सायटेशन भाज्यात जमा होतात. शिवाय ही सरासरी असल्यामुळे एकटा निबंधही ती कोठल्या कोठे नेऊ शकतो. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या पत्रिकेचा २००८ चा आकडा २.०५१ होता, त्याच वर्षी तिच्यात जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या संगणकप्रणालीविषयीचा निबंध आला, ती प्रणाली वापरणारे स्फटिकशास्त्रज्ञ त्याचा संदर्भ देऊ लागले आणि २००९ चा आकडा ४९.९२६ झाला. शेजारच्या पानांवरील निबंधांचा दर्जा अर्थातच चोवीस पटींनी वाढला नव्हता.

एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेचा साइटस्कोअर हा निर्देशांक तिच्याच स्कोपस या माहितीसंग्रहातील नोंदींवरून चार वर्षांचा हिशेब मांडतो आणि परिषदांतील निबंधही मोजतो, म्हणून त्याची इम्पॅक्ट फॅक्टरशी थेट तुलना करू नये. स्पेनमधील सिमॅगो गटाचा एसजेआर हा निर्देशांक, सायटेशन कोणत्या पत्रिकेकडून आले यावरून त्याचे वजन ठरवतो. गणितात संदर्भसूची आखूड आणि जीवरसायनात लांबलचक असते. हा फरक लक्षात घेऊन लायडन विद्यापीठात घडवलेला स्निप हा निर्देशांक वेगवेगळ्या विषयांच्या पत्रिका ताडून पाहण्यास आम्हांला अधिक न्याय्य वाटतो. तरीही यांतील कोणताही आकडा पत्रिकेचा असतो, तुमच्या निबंधाचा नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य पत्रिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्याने पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता संस्था आणि संशोधकांवर आली आहे. संकेतस्थळावर ठळक छापलेल्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’पुढे क्लॅरिव्हेटचे नाव नसेल, तर तो भलत्याच कोणी दिलेला असू शकतो, पत्रिका क्लॅरिव्हेटच्या सूचीत आहे का, हे त्यांच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये विनामूल्य पाहता येते. नामसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून आमच्याकडे काम देताना पत्रिकेच्या नावासोबत तिचा आयएसएसएन (प्रत्येक नियतकालिकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) हा क्रमांकही लिहून द्यावा.