सायन्स शो (शाळेच्या सहलीतला)

म्युझियम किंवा विज्ञान केंद्रात सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांसमोर कोणीतरी उभं राहून टेबलावर खरेखुरे प्रयोग करून दाखवतं, त्याला सायन्स शो म्हणतात, काही ठिकाणी नुसतं डेमो. वेळ साधारण अर्धा-पाऊण तास. यात व्हिडिओ नसतो, काचेमागचं मॉडेल नसतं, समोर जे होईल ते होईल आणि फसलं तर सगळ्यांसमोर फसतं, म्हणूनच पोरं हलत नाहीत.

प्रकार जुना आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी अशी व्याख्यानं होतात, त्यातल्या 19 मालिका एकट्या मायकेल फॅरेडेने दिल्या, आणि सगळ्यात गाजली ती साध्या मेणबत्तीवरची. पॅरिसला 1937 मध्ये पाले द ला देकुव्हेर्त नावाचं आख्खं म्युझियमच प्रयोग करून दाखवायच्या कल्पनेवर उभं राहिलं, सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम 1969 चं. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला म्युझियम 1959 मध्ये सुरू झालं, तिथूनच 1965 मध्ये फिरत्या प्रदर्शनाची बस निघाली, आणि मुंबईचं नेहरू सायन्स सेंटर 1985 चं.

सातारा जिल्ह्यातल्या शाळांचा प्रश्न असा की जवळची म्युझियमं सायन्सची नाहीत. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय इतिहासाचं (जुलै 2024 मध्ये लंडनहून आलेली वाघनखं तिथेच ठेवली होती), औंधचं श्री भवानी संग्रहालय चित्रं आणि शिल्पांचं. कराडला कल्पना चावला विज्ञान केंद्र आहे. पण मोठा सायन्स शो बघायचा तर पिंपरी-चिंचवडचं सायन्स पार्क नाहीतर थेट मुंबई, म्हणजे पहाटे एसटी (सहलीला निम्मं भाडं), डबे, उलटीच्या पिशव्या आणि घामाघूम झालेले वर्गशिक्षक.

बहुतेक सहली दिवाळीनंतर थंडीत निघतात आणि याचा एका प्रयोगाला फार फायदा होतो. व्हॅन डी ग्राफ जनरेटर, म्हणजे तो चकचकीत धातूचा गोळा ज्याच्यावर हात ठेवला की केस उभे राहतात, तो दमट हवेत नीट चालत नाही कारण चार्ज साठायच्या आत गळून जातो, त्यामुळे आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात हा प्रयोग करणाऱ्याची पंचाईत होते. आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेल्या मुलींचे केस उभे राहत नाहीत. केस सुटे आणि कोरडे लागतात. सगळ्या वर्गातून हौसेने पुढे आलेली पोरगी हिरमुसून जागेवर जाते, हे टाळायचं तर सहलीच्या नोटिशीतच एक ओळ टाकावी.

दुसरा हमखास टाळ्यांचा प्रयोग लिक्विड नायट्रोजनचा. उणे 196 अंश. फूल बुडवून काढलं की काचेसारखं फुटतं, फुगा आत घातला की चपटा होतो आणि बाहेर काढला की आपोआप फुगतो. शहरातल्या पोरांना हे जादूसारखं वाटतं पण माण-खटाव, फलटण, कराडकडच्या गोठा असलेल्या घरातल्या पोरांनी हा नायट्रोजन आधीच बघितलेला असतो, गाय भरवायला डॉक्टर येतात त्यांच्या कॅनमधून धूर निघतो ना, तोच, रेतनाच्या कांड्या त्यात गोठवून ठेवलेल्या असतात. शो करणाऱ्याने एवढं जरी विचारलं की हे कोणी घरी बघितलंय का, तर मागच्या रांगेतून दहा हात वर येतील. विचारत नाहीत बहुतेक. धोका मात्र खरा आहे, द्रवाचा वायू होताना तो जवळपास 700 पट पसरतो, म्हणून बंद बाटलीत भरायचा नाही, बंद खोलीत जास्त ओतायचा नाही, आणि पहिली रांग टेबलापासून लांब बसवायची.

हवेच्या दाबाचे प्रयोग कमी झगमगीत असतात. काचेच्या हंडीखाली अर्धवट फुगवलेला फुगा ठेवून पंपाने हवा काढली की फुगा टम्म होतो. आपल्या पोरांना हे पटवायला पंपसुद्धा लागत नाही, वाईतून वेफर्सचा पुडा घेऊन पसरणीचा घाट चढला की महाबळेश्वरला तो फुगलेलाच असतो, बाहेरचा दाब कमी झालेला असतो एवढंच. तिथे पाणीपण 95-96 अंशालाच उकळतं.

आता शो चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचं? माझ्या मते एकाच गोष्टीवरून, प्रयोग करायच्या आधी पोरांना अंदाज विचारला का. हे नुसतं मत नाही, हार्वर्डच्या एरिक माझूर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2004 मध्ये छापून आलाय, कॉलेजच्या मुलांवरचा आहे पण लागू पडतो. नुसता प्रयोग बघितलेल्यांना आणि अजिबात न बघितलेल्यांना जवळपास सारखंच समजलेलं निघालं, आणि आधी अंदाज करायला लावलेल्यांना जास्त. उदाहरणार्थ तांब्याच्या उभ्या नळीतून लोहचुंबक सोडायचा प्रयोग घ्या. आधी दाखवायचं की तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग साधा नट सोडायचा, तो खट्कन खाली, आणि मग विचारायचं की चुंबक कसा पडेल, हात वर करा. चुंबक सावकाश उतरत येतो तेव्हा पोरं ओरडतात आत काहीतरी चिकट लावलंय, म्हणून नळी त्यांच्याच हातात द्यायची, आरपार बघा. नळीत वीज तयार होते आणि तिचं स्वतःचं चुंबकत्व पडणाऱ्या चुंबकाला अडवतं, हे त्यानंतर सांगितलं तर कोणीतरी ऐकतं.

खरं म्हणजे साताऱ्याला हे नवीन नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, त्यांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव शाळांमध्ये चमत्कार करून दाखवत आलेत आणि लगेच त्यामागचं कारणही फोडतात. मंत्राने होम पेटवतात, तर खाली पोटॅशियम परमँगनेट असतं आणि वरून सोडतात ते तूप नसून ग्लिसरीन असतं. पाणी शिंपडून नारळ पेटतो, शेंडीत सोडियमचा तुकडा. लिंबातून रक्त येतं, कारण सुरीला मिथिल ऑरेंज लावलेलं असतं आणि ते आम्लात लाल होतं. बुवा आणि कार्यकर्ता यांचं सामान तेच, हातचलाखी तीच, फरक इतकाच की एकाला प्रश्न नको असतात. म्युझियमवाल्यांनीसुद्धा धूर आणि धमाक्यावर शो संपवला तर ते बुवाच्या बाजूला जास्त झुकतात असं मला वाटतं, मग अंगात पांढरा कोट असो नाहीतर काही.

सहल परवडत नाही त्या शाळांसाठी फिरती बस असते. आणि तीही नाही आली तर हळद आहेच, हा प्रयोग सांगली बाजूला घेऊन गेलात तर तिथल्या पोरांना हळदीबद्दल काही शिकवायला जाऊ नका, पण हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा, हे मात्र करून घ्या. खर्च दहा रुपयेपण नाही.

बुकिंग शाळेच्या लेटरहेडवर आधी करावं लागतं, मोठा गट असेल तर दोन शोमध्ये विभागतात. शेवटची दहा मिनिटं प्रश्नांना असतात आणि नेमकी तीच बस गाठायच्या घाईत कापली जातात, तेव्हा ड्रायव्हरला वेळ देतानाच अर्धा तास जास्तीचा सांगून ठेवा.