मुस्लिम व्यक्तिगत कायदा (भारत)

विवाह, तलाक, मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), पोटगी, वारसा, बक्षीस, मृत्युपत्र, पालकत्व आणि वक्फ (धर्मादाय मालमत्ता) या बाबतींत भारतातील मुसलमानांना लागू होणारा कायदा. चोरी, करार, पुरावा, कर यांच्याशी त्याचा संबंध नाही. ते सर्वांना सारखेच. बोलताना त्याला सरसकट ‘शरियत’ म्हटले जाते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. शरियतीत नमाजापासून सावकारीपर्यंत सगळेच येते. न्यायालयात चालतो तो तिचा एक तुकडा, आणि तोही इंग्रज न्यायाधीश, कायदेमंडळे व उलेमा, म्हणजे धर्मपंडित, यांच्या हातांतून घडत आलेला.

वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेत विवाह, वारसा अशा प्रश्नांवर मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावावा असे ठरले. इंग्रज न्यायाधीशांना अरबी येत नव्हते, म्हणून सल्ल्याला मौलवी नेमले गेले. १७९१ मध्ये ‘हिदाया’ या हनफी (सुन्नींच्या चार विधिपरंपरांपैकी एक) ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि एरवी मतमतांतरांनी भरलेले शास्त्र कलमांसारखे वाचले जाऊ लागले. १८६४ मध्ये सल्लागारांची पदेही गेली. उरले ते अनुवाद आणि जुने निकाल.

शिवाय कित्येक मुस्लिम जमाती वारशात शरियत पाळतच नव्हत्या. मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात १८४७ मध्ये खोजा आणि मेमन कुटुंबांचे खटले गाजले. मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. मुलींना वाटा न देण्याची आमची जुनी रूढी आहे, असे पुरुषांचे म्हणणे. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी रूढीच्या बाजूने निकाल दिला. कुराणाने दिलेला वाटा रूढीने काढून घेतला आणि कोर्टाने त्यावर शिक्का मारला. शरियतीचा कायदा हवा, या पुढच्या काळातील मागणीत स्त्रियांच्या हक्काचाही मुद्दा होता तो यामुळे. आजच्या वादात हे सहसा कोणाला आठवत नाही.

त्या मागणीतून १९३७ चा ‘शरियत अधिनियम’ आला. नाव भारदस्त, पण कायदा पानभराचा. मुलीला किती वाटा, तलाक कसा द्यायचा, यातले काहीच त्यात नाही. अमुक विषयांत पक्षकार मुसलमान असतील तर रूढी बाजूला ठेवून मुस्लिम व्यक्तिगत कायदा लावावा, एवढेच तो सांगतो. तो कायदा कोणता, हे न्यायाधीशाने शोधायचे. शेतजमिनीचा वारसा त्यातून वगळला होता. दत्तक आणि मृत्युपत्राच्या बाबतीत ज्याने तसे प्रतिज्ञापन केले त्यालाच तो लागू. देवाचा कायदा म्हणून ज्याची पाठराखण होते, त्यात जमीनदारांसाठी ठेवलेली ही फट बोलकी आहे.

त्यातही एकच एक शरियत नाही. देशातले बहुसंख्य सुन्नी हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. हनफी मताने सज्ञान मुलगी स्वतःच्या संमतीने निकाह करू शकते; शाफई मताने तिच्या वतीने वली, म्हणजे बाप किंवा जवळचा पुरुष नातेवाईक, लागतोच. शिया, बोहरा, खोजा यांचे नियम आणखी वेगळे.

सुधारणा धर्माच्या आतूनही झाली. हनफी मतानुसार स्त्रीला नवऱ्यापासून सुटायला जवळजवळ वाटच नव्हती. नवरा परागंदा झाला तरी ती अडकलेलीच. धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असा नियम असल्याने काही स्त्रियांनी इस्लाम सोडल्याचे जाहीर करून सुटका करून घेतली. उलेमा हादरले. देवबंदी परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी परंपरेच्या मतातला तोडगा हनफींसाठी उचलला, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात स्त्रीला बेपत्ता नवरा, पोटगी न देणे, क्रूरता अशी कारणे मिळाली. त्याच कायद्याने धर्मत्यागाची पळवाट बंद केली.

स्वातंत्र्यानंतर व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येईल का, हा प्रश्न पहिल्यांदा मुंबई उच्च न्यायालयात आला, तोही हिंदूंच्या द्विभार्याबंदीच्या खटल्यात. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये ‘नाही’ असे उत्तर दिले. नरसू आप्पा माळी खटला या नावाने तो निकाल आजही वकिलांच्या तोंडी आहे.

महाराष्ट्रातील आव्हान रस्त्यावरून आले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२–७७) यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. मागण्या : तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा. सात हा आकडा सांगताना तेव्हा अनेकांना हसू आले असेल. पण पुढची चळवळ तिथून सुरू झाली. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावातच फुल्यांचा वारसा. या हालचालींना विरोधही संघटित झाला. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत देशभरातील मुस्लिम नेत्यांचे अधिवेशन भरले आणि १९७३ मध्ये हैदराबादेत अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले. बोर्ड ही खासगी संस्था आहे. तिच्या मताला वजन असले तरी कायद्याचे बळ नाही.

शाहबानो प्रकरणाने हा विषय घराघरांत पोहोचवला. इंदूरच्या या वृद्ध स्त्रीला वकील नवऱ्याने १९७८ मध्ये तलाक दिला. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि एवढ्यासाठी नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने तिच्या बाजूने निकाल दिला. निकालात कुराणाचा अर्थ लावल्याने आणि समान नागरी कायद्याचा आग्रह धरल्याने वादळ उठले. राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये वेगळा कायदा केला. तलाकनंतर नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरतीच (इद्दत म्हणजे पुनर्विवाहाआधी स्त्रीने थांबायची सुमारे तीन महिन्यांची मुदत), असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला.

पण मसुद्यात शब्द होते ते ‘इद्दतीच्या मुदतीत’ वाजवी तरतूद करावी असे. ‘मुदतीपुरती’ असे नव्हते. २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले : रक्कम इद्दतीत द्यायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी. कायदा टिकला आणि त्याचा अर्थ उलटला. सामान्य फौजदारी संहितेखालीही तलाकपीडित मुस्लिम स्त्रीला पोटगी मागता येते, हे २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले.

एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयात २२ ऑगस्ट २०१७ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरला. कारणे मात्र एक नव्हती. दोन न्यायमूर्तींच्या मते १९३७ च्या कायद्याने तलाकला सरकारी कायद्याचे रूप आले, म्हणून तो समतेच्या तत्त्वावर तपासता येतो, आणि तिथे टिकत नाही. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांना ते पटले नाही. जे कुराणाला मान्य नाही ते शरियतीतही चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. अल्पमताने ही प्रथा धर्माचा भाग मानली. २०१९ च्या कायद्याने असा तलाक गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कुठून येणार, हा त्यावरचा आक्षेप साधा आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळालेले नाही. इजिप्तने १९२९ मध्ये आणि पाकिस्तानने १९६१ मध्ये तलाकवर बंधने आणली होती, त्या मानाने भारत उशिराच जागा झाला.

गोव्यात यातले बरेचसे लागू नाही. १९३७ चा कायदा तिथे लावलाच गेला नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा सर्वधर्मीयांना लागू आहे. सावंतवाडीची मुलगी पणजीत लग्न करून गेली तर निकाह काझीच पढवतो, खुतबा, म्हणजे निकाहाचे प्रवचन, तोही तोच. मात्र नोंदणी नागरी निबंधकाकडे करावी लागते, नवऱ्याला दुसरी बायको करता येत नाही, आणि वेगळा करार केला नसेल तर दोघांच्या मालमत्तेत अर्धा वाटा तिचा.