डायना रिग : कॅमेरामनपेक्षा कमी पगाराचं प्रकरण

ब्रिटिश अभिनेत्री डायना रिग यांच्या पगाराचा वाद समजून घ्यायचा तर १९६५ च्या थोडं मागे जावं लागतं. ‘द अव्हेंजर्स’ या ब्रिटिश टीव्ही हेरमालिकेत एमा पील म्हणून आल्या तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. १९५९ पासून शेक्सपिअरची नाटकं करणाऱ्या स्ट्रॅटफर्डच्या नाटक मंडळीत त्यांची पाच वर्षं गेली होती, १९६२ च्या ‘किंग लिअर’मध्ये त्यांनी कॉर्डेलिया केली होती. (बालपण बिकानेरचं, वडील तिथे रेल्वेत होते आणि आठव्या वर्षापर्यंत डायना हिंदी बोलत होत्या.)

डझनभर भाग झाल्यावर त्यांना कळलं, की आपल्याला कॅमेरामनपेक्षाही कमी पैसे मिळतात. आठवड्याला १५० पौंड. पुढच्या पर्वासाठी त्या अडून बसल्या आणि ४५० पौंड घेतले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘पैशाला हपापलेली’ ठरवलं.

हा शब्द अन्यायाचा होता. आज ही गोष्ट ‘नायकाएवढं मानधन मागितलं’ अशी सांगितली जाते, तीही नेमकी नाही. रिग यांच्या सांगण्यात तुलना येते ती कॅमेरामनशी. जिच्या चेहऱ्यावर मालिका विकली जात होती, तिचा पगार कॅमेऱ्यामागच्या माणसाहून कमी का, एवढाच प्रश्न होता. ज्यांनी पाठीशी उभं राहायला हवं होतं ते गप्प बसले. सहकलाकारानेही साथ दिली नाही आणि इंडस्ट्रीतली एकही बाई आपल्या बाजूने बोलली नाही, असं त्यांनी २०१९ मध्ये सांगितलं. समान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९७० साली झाला आणि लागू व्हायला १९७५ चं वर्षअखेर उजाडलं. म्हणजे रिग अडून बसल्या तेव्हा आधाराला असा कायदाही नव्हता.

तिसऱ्या वर्षासाठी त्या थांबल्या नाहीत. लोकप्रियता शिगेला असताना मालिका सोडणं अनेकांना आततायीपणा वाटला. पण त्या पैशांमागे होत्या हे म्हणणं १९६६ चा उन्हाळाच खोडून काढतो : मालिका जोरात असताना त्या स्ट्रॅटफर्डला परतल्या आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये व्हायोला केली. हपापलेलं माणूस असं करत नाही.

पुढचा हिशेब नाटकानेच चुकता केला. लंडनमध्ये १९९२ साली साकारलेली मेडिया (ग्रीक शोकांतिकेची नायिका) न्यूयॉर्कला गेली आणि १९९४ मध्ये टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘डेम’ हा ब्रिटिश किताब. टीव्हीवर १९८९ च्या ‘मदर लव्ह’मधल्या आईसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार. तरुण प्रेक्षकांना त्या २०१३ नंतर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतली ओलेना आजी म्हणून भेटल्या.

१० सप्टेंबर २०२० रोजी, ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांचं शेवटचं टीव्हीवरचं काम त्यानंतर डिसेंबरमध्ये दिसलं.