लढाई पोर्ट सैदची, पडझड पौंडाची

६ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा समुद्रमार्गे इजिप्तच्या पोर्ट सैद बंदरात उतरल्या. छत्रीसैनिक आदल्याच दिवशी उतरले होते. दिवस मावळेपर्यंत शहर बहुतांशी हाती आले आणि तुकड्या सुएझ कालव्याच्या काठाने दक्षिणेकडे निघाल्या. सुमारे ३७ किलोमीटरवर एल कॅप नावाचे ठिकाण आहे. तिथे त्या थांबल्या. कोणी अडवले नव्हते, पुढचा रस्ता जवळपास मोकळाच होता. मध्यरात्रीपासून युद्धबंदी, असा लंडनहून हुकूम आला होता, इतकेच.

ब्रिटिश साम्राज्याच्या उतरणीविषयी लिहिणारे या रात्रीपाशी हटकून येतात. लढाया हरून राज्ये गेल्याचे दाखले इतिहासात ढीगभर सापडतील. इथे लढाई जिंकत आलेल्या फौजेला मागे फिरावे लागले, आणि तेही शत्रूमुळे नव्हे, तर मित्राने पैशाची वाट अडवून धरली म्हणून.

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पेढीवर पत असते ती उधारी मिळण्याची, चारचौघांत पत असते ती शब्दाला मान असण्याची. महासत्तेच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. तिचे सैन्य जगात सगळीकडे एकाच वेळी लढू शकत नाही. वेळ आली तर लढेल, एवढ्या समजुतीवर बराचसा कारभार चालतो. तिचे चलन परक्या तिजोऱ्यांत साठलेले असते, तेही सगळे जण एकदम वटवायला येणार नाहीत या समजुतीवर. दूरवरचे एखादे छोटे युद्ध लांबले की या दोन्ही समजुती एकदम पणाला लागतात.

हे समजायला मराठी वाचकाला खरे तर सुएझपर्यंत जायची गरज नाही. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला तेव्हा त्याचे साम्राज्य जगातल्या सर्वांत श्रीमंत सत्तांपैकी एक होते. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना पकडून ठार मारले. नकाशा पाहिला तर मोगल सत्ता याच सुमारास सर्वाधिक पसरलेली दिसते. त्यानंतर मात्र आणखी अठरा वर्षे बादशहाला दख्खन सोडता आले नाही. जिंजीच्या वेढ्यातच सुमारे आठ वर्षे गेली. १७०० नंतर, ताराबाईंच्या काळात, बादशहा स्वतः एकेका किल्ल्याखाली जाऊन बसत होता. कित्येक किल्ले तर किल्लेदाराला रक्कम मोजून घेतले गेले आणि छावणी हलताच मराठ्यांनी परत घेतले.

यापेक्षा खोल जखम हिशेबाच्या वहीत होत होती. विजापूर-गोवळकोंड्याचे आणि मराठ्यांकडचे जे सरदार फुटून येत, त्यांना मनसबी द्याव्या लागत. मनसबी वाढत गेल्या, पण त्यांच्या खर्चाला लावून द्यायच्या जहागिरी तेवढ्या उरल्या नाहीत. ज्या मनसबदाराला जहागिरीचा वसूलच मिळत नाही, तो फौज कशाला बाळगेल? औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. पंचवीस वर्षांत त्याने दिल्ली पुन्हा पाहिली नव्हती.

त्याच्या शंभरेक वर्षे आधी स्पेनची गत फार वेगळी नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या खाणींतली चांदी जहाजे भरभरून येत होती आणि नेदरलँड्समधले बंड १५६८ पासून ती गिळत होते. १५७५ मध्ये राजा दुसरा फिलिप याने सावकारांची देणी थांबवली. पुढच्या वर्षी, ४ नोव्हेंबर १५७६ ला, पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनीच अँटवर्प लुटले. अँटवर्प शत्रूचे नव्हते, राजाच्याच मुलखातले सर्वांत श्रीमंत शहर होते. चार दिवसांत, तोवर कुंपणावर असलेल्या दक्षिणेकडच्या प्रांतांनी बंडखोरांशी गेंट इथे तह केला. ते युद्ध पुढे १६४८ पर्यंत चालले.

ब्रिटनला पहिला इशारा मिळाला तो दक्षिण आफ्रिकेत. ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा नाताळपर्यंत ते आटोपेल अशी लंडनमध्ये समजूत होती. ते मे १९०२ पर्यंत चालले. बोअर, म्हणजे डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या, दोन छोट्या प्रजासत्ताकांविरुद्ध साम्राज्याला सुमारे साडेचार लाख सैनिक उभे करावे लागले आणि वीस कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. कर्जरोख्यांचा काही भाग न्यूयॉर्कमध्ये विकावा लागला. जगाचा सावकार अटलांटिकपलीकडे हात पसरतो आहे, हे तेव्हा फारसे कोणाच्या मनावर ठसले नाही. बोअरांच्या गनिमी काव्याला उत्तर म्हणून शेते जाळली गेली, बायकामुलांना छावण्यांत कोंडले गेले; त्या छावण्यांत सव्वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया आणि मुले मेली. तशाच वेगळ्या छावण्यांत हजारो कृष्णवर्णीय आफ्रिकी मेले, पण त्यांची नीट मोजदादही कोणी ठेवली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. बोअर युद्धात ती मूठ उघडली. सगळे सैन्य एका कोपऱ्यात गुंतले आणि बाकीच्या जगात आपल्याला एकही दोस्त नाही, हे लंडनच्या ध्यानात आले. तोवर ‘कोणाच्या गोटात नाही’ हा ब्रिटिश परराष्ट्र धोरणाचा अभिमान होता. युद्ध संपायच्या आतच, जानेवारी १९०२ मध्ये, ब्रिटनने जपानशी करार केला. १९०४ मध्ये जुन्या वैऱ्याशी, फ्रान्सशी, जुळवून घेतले. या दोन करारांचे धागे पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत जातात, पण तो वेगळा विषय आहे.

आता पुन्हा सुएझकडे. १८६९ मध्ये खुला झालेल्या या कालव्यात ब्रिटनचा शिरकावही कर्जातूनच झाला होता, फक्त ते कर्ज दुसऱ्याचे होते. इजिप्तचा खेदिव, म्हणजे राज्यकर्ता, इस्माईल देण्यांत बुडाला, म्हणून १८७५ मध्ये त्याच्या वाट्याचे, म्हणजे सुमारे ४४ टक्के, समभाग ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने जवळपास चाळीस लाख पौंडांना विकत घेतले. रक्कम रॉथ्सचाइल्ड पेढीने दिली. १८८२ मध्ये सैन्य आले आणि ७४ वर्षे राहिले. शेवटची तुकडी १३ जून १९५६ रोजी इजिप्तमधून गेली.

त्यानंतर सहाच आठवड्यांत सगळे उलटले. १९ जुलैला अमेरिकेने इजिप्तच्या आस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली. २६ जुलैला अलेक्झांड्रियातल्या भाषणात इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. कालवा खोदणाऱ्या फ्रेंच माणसाचे, लेसेप्सचे, नाव हीच खूण ठरली होती. भाषणात ते उच्चारले जाताच इजिप्शियन पथकांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यायच्या. ऑक्टोबरच्या अखेरीस पॅरिसजवळ सेव्र इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुप्त मसलत केली. इस्रायलने हल्ला करायचा आणि बाकी दोघांनी ‘भांडण सोडवायला’ म्हणून मध्ये पडायचे, असा बेत होता. २९ ऑक्टोबरला इस्रायलने तो सुरू केला. इतका पोकळ बहाणा चालून जाईल असे ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांना का वाटले असावे, हे कोडे आजही सुटत नाही. परराष्ट्र व्यवहारात उभी हयात घालवलेला माणूस होता तो.

वॉशिंग्टनला आधी काही सांगितले नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची फेरनिवडणूक ६ नोव्हेंबरला होती, ४ तारखेला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते, आणि हंगेरीवरून मॉस्कोला जाब विचारायच्या वेळी स्वतःचेच दोन मित्र इजिप्तवर बाँब टाकत होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेनेच युद्धबंदीचा ठराव आणला. तो ६४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. विरोधात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या जोडीला फक्त ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड होते. कॅनडानेही ब्रिटनच्या बाजूने मत दिले नाही. ‘पत’ या शब्दाचा दुसरा अर्थ तिथे, आमसभेच्या सभागृहात, मोजला गेला.

पहिला अर्थ मोजला गेला तो चलनबाजारात. पौंडाचा दर तेव्हा २.८० डॉलरला बांधलेला होता. अनेक देश आपली शिल्लक पौंडांत ठेवत, त्यामुळे हा दर टिकवणे म्हणजे साम्राज्याचे उरलेसुरले घरटे टिकवणे होते. इजिप्तने जहाजे बुडवून कालवा बंद केला, सीरियात तेलवाहिनीची पंपघरे उडवली गेली. आता तेल डॉलर मोजून घ्यावे लागणार हे उघड होते, आणि पौंड विकणाऱ्यांची रांग लागली. परकीय चलनाची गंगाजळी एकट्या नोव्हेंबरात २७ कोटी ९० लाख डॉलरने आटली आणि दोन अब्ज डॉलरच्या खाली गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे, तर अमेरिकेच्या संमतीवाचून तिथे काही होणार नव्हते. युरोपला दुसरीकडून तेल पुरवण्याची योजनाही अमेरिकेने रोखून धरली. नाक दाबले की तोंड उघडते, एवढाच मामला होता. आधी युद्धबंदी, मग सैन्य पूर्ण माघारी, त्यानंतर पैसे.

फ्रान्सने मात्र ऑक्टोबरातच नाणेनिधीकडून २६ कोटी २५ लाख डॉलरची तजवीज करून ठेवली होती. ब्रिटिश अर्थमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी तशी केली नाही. कारवाईचा सर्वांत जोरदार आग्रह याच गृहस्थांचा होता, आणि पैसा आटू लागताच थांबा म्हणणाऱ्यांतही तेच पुढे होते. ‘आत शिरण्यात पहिले, बाहेर पडण्यातही पहिले’, असा टोला विरोधी पक्षाच्या हॅरोल्ड विल्सन यांनी हाणला. डिसेंबरात माघार ठरल्यावर नाणेनिधीने १.३ अब्ज डॉलरची सोय करून दिली. ईडन यांनी ९ जानेवारी १९५७ रोजी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान झाले ते मॅकमिलन!

सुएझने ब्रिटनला कमजोर केले, हे अर्धेच खरे आहे. दोन महायुद्धांनी तिजोरी आधीच रिती केली होती, भारत १९४७ मध्येच स्वतंत्र झाला होता. सुएझने ते सगळ्यांना दिसले. मार्च १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला, ऑगस्टमध्ये मलाया. या तारखा आधीच ठरत आल्या होत्या. पुढे १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि १९६८ मध्ये सुएझच्या पूर्वेकडचे तळ बंद करण्याची घोषणा करावी लागली, तीही आता पंतप्रधान असलेल्या त्याच विल्सन यांना.

फ्रान्सने यातून वेगळाच धडा घेतला: अमेरिकेवर विसंबायचे नाही. आणि तो धागा थेट व्हिएतनामपर्यंत जातो. १९४४ च्या ब्रेटन वुड्स या जागतिक चलनव्यवस्थेत ३५ डॉलरला एक औंस सोने हा शब्द अमेरिकेने जगाला दिला होता. व्हिएतनामचे युद्ध वाढत गेले तरी करवाढ पुढे ढकलली गेली, डॉलर बाहेर वाहत राहिले, आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६५ पासून उघडपणे डॉलरऐवजी सोने मागायला सुरुवात केली.

जानेवारी १९६८ च्या अखेरीस व्हिएतकाँग या कम्युनिस्ट बंडखोरांनी टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, सणात दक्षिण व्हिएतनामच्या शहरांवर हल्ले चढवले. लष्कराच्या दृष्टीने ते हल्ले फसले, असेच बहुतेक जाणकार मानतात. तरीही तिथले अमेरिकी सेनापती जनरल वेस्टमोरलँड यांच्या नावाने आणखी २ लाख ६ हजार सैनिकांची मागणी वॉशिंग्टनला पोहोचली आणि त्याच आठवड्यांत लंडनच्या बाजारात सोन्यावर झुंबड उडाली. १५ मार्चला अमेरिकेच्या विनंतीवरून लंडनचा सोनेबाजार बंद ठेवावा लागला. जादा सैनिकांची मागणी मान्य झाली नाही. ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे सांगितले. सायगाव आणि लंडन यांत दहा हजार किलोमीटरचे अंतर आहे. त्या मार्चमध्ये ते फार कमी वाटते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देण्याची खिडकी बंदच केली.

तरी डॉलर पडला नाही. १९५६ मध्ये पौंडाची जागा घ्यायला डॉलर दारात उभा होता. १९७१ मध्ये दारात कोणीच नव्हते. शिवाय अमेरिकेची देणी तिच्याच चलनात होती. प्रादेशिक युद्धाने महासत्ता किती खचते हे म्हणून रणांगणापेक्षा यावर अधिक ठरते, की तिचा धनको कोण आहे आणि त्याला तिची जागा हवी आहे का. २००१ आणि २००३ मध्ये अमेरिकेने करकपात केली आणि अफगाणिस्तान व इराकची युद्धे कर्जावर चालवली. २००८ मध्ये अमेरिकी सरकारी रोख्यांचा सर्वांत मोठा परदेशी धनको म्हणून चीनने जपानला मागे टाकले. या दोन गोष्टींतला संबंध वाटतो तितका सरळ नाही, चीनची निर्यात हे त्याचे मोठे कारण होते. पण धनको कोण, हा प्रश्न तिथून पुन्हा विचारला जाऊ लागला.

सोव्हिएत संघाचे गणित पैशापेक्षा ‘पत’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाचे. डिसेंबर १९७९ मध्ये सैन्य अफगाणिस्तानात शिरले, फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचे वाहन सरहद्दीवरचा पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीतल्या तेर्मेझला परतले. मधल्या काळात सुमारे पंधरा हजार सैनिक मेले. तिजोरीला १९८६ ची तेलाच्या भावातली घसरण या युद्धाहून महाग पडली असावी. पण पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचा जोर वाढला, तेव्हा तिथे फौज पाठवायची नाही असे मॉस्कोच्या पॉलिटब्युरोने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीने, डिसेंबर १९८१ मध्ये ठरवले. १९५६ मध्ये बुडापेस्टला आणि १९६८ मध्ये प्रागला रणगाडे धाडणारी हीच संस्था. एक युद्ध अंगावर असताना दुसरे नको, हाही त्या निर्णयामागचा एक विचार असावा.

ब्रिटनच्या वहीतले एक पान मात्र बरीच वर्षे उघडे राहिले. दुसरे महायुद्ध संपताच, डिसेंबर १९४५ मध्ये, अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलर दोन टक्के व्याजाने घेतले होते. १९५१ पासून वर्षाला एक असे पन्नास हप्ते, शेवटचा २००० मध्ये. त्यातले सहा हप्ते पुढे ढकलावे लागले, म्हणून शेवटचा हप्ता २००६ च्या डिसेंबरात गेला. ढकललेल्या सहांपैकी पहिला होता १९५६ सालचा.